डाव्या कानातला दादा

पक्कड त्या सकाळी घरातून निघाला तो एका फॅनबेल्टसाठी. काम इतकंच होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून बेल्ट घ्यायचा, गॅरेजमधल्या टेम्पोला चढवायचा आणि टेम्पोवाल्याला दुपारच्या आत मोकळा करायचा. निघण्याआधी दात घासताना त्याच्या डाव्या कानात टप् करून काहीतरी वाजलं आणि डबीचं झाकण बसावं तसा कान बंद झाला. पाणी गेलं असेल म्हणून त्याने मान तिरकी केली, डोक्यावर दोन चापट्या मारल्या, मग एका पायावर उड्या मारल्या.

"भावजी, माणूस आहात की बेडूक?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

पक्कड उडायचा थांबला. कारण एक्केचाळीस दिवसांत वहिनीने केलेली ही पहिली थट्टा होती.

पक्कड हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते थोरल्या भावाने, दादाने, ठेवलेलं. लहानपणी हातात आलेली वस्तू तो सोडायचाच नाही म्हणून. आयुष्यात त्याने एकच गोष्ट सोडली होती, ती म्हणजे चौथीतली शाळा. तिथेही दादाच खिडकीबाहेर उभा राहून उत्तरं सांगायचा. पुढे गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासायला गेले, तेव्हाही तक्त्यावरची अक्षरं दादाने मागून कुजबुजत पुरवली. पक्कडचे डोळे चांगले होते हो, पण अक्षरांशी त्याचं पहिल्यापासून वाकडं!

आणि हा दादा एक्केचाळीस दिवसांपूर्वी गेला. गॅरेजच्या खड्ड्यात, पाण्याच्या टँकरखाली काम करता करता त्याचं काळीज थांबलं. पक्कड तेव्हा दहा पावलांवर ग्रायंडर चालवत होता. ठिणग्या उडत होत्या, कानठळ्या बसत होत्या. नंतर समोरचा चहावाला म्हणाला, "तुझ्या भावाने दोन हाका मारल्या रे. मला रस्त्यापलीकडे ऐकू आल्या."

चहावाला वाईट माणूस नव्हता. पण त्या वाक्याने पक्कडच्या पोटात जी आग लागली ती विझेना. दोन हाका... दहा पावलं... आणि आपल्याला ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून त्याने ग्रायंडरला हात लावला नव्हता.

असो. बेल्ट आणला. टेम्पो गॅरेजमध्ये उभा होता, शेजारी कोणाची तरी गाडी होती. इंजिनाचं दुखणं ऐकायची दादाची एक रीत होती. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ डाव्या कानामागच्या हाडावर. मग कुठलं बेअरिंग रडतंय, कुठला व्हॉल्व्ह खोटं बोलतोय, ते इंजिन आपणहून सांगतं. पक्कडला ही एकच विद्या आली होती, आणि ती डाव्या कानाने आली होती. त्याने टेम्पोवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. काहीच नाही. म्हणजे टेम्पो बंद आहे आणि घरघर शेजारच्या गाडीची आहे, असं तो धरून चालला. एक कान गेला की आवाज कुठून येतो तेही कळत नाही, हे त्याला कोण सांगणार? त्याने जुना बेल्ट चाचपायला हात आत घातला.

"हात काढ, गाढवा!"

हात आपोआप मागे आला. बेल्टने त्याच्या बाहीचा तेवढा एक धागा ओढून नेला. टेम्पो चालू होता, चांगला धडधडत होता.

पक्कड तसाच उभा राहिला. गॅरेजमध्ये दुसरं कोणी नव्हतं. आवाज दादाचा होता, आणि तो डाव्या कानात आला होता, त्या झाकण बसलेल्या कानात. लांबून आल्यासारखा, खड्ड्यातून बोलल्यासारखा.

भूत भेटलं की माणसाची बोबडी वळते म्हणतात. पक्कडला हसू फुटलं. तो इतका हसला की शेवटी टेम्पोच्या बंपरवर बसून रडला.

"दादा?"

"नाही, तुझा सासरा. बेल्ट लाव आधी."

पुढचे चार दिवस पक्कडने कान कोणाला दाखवला नाही. मेकॅनिक लोकांचा एक नियम असतो, चालू गाडीला हात लावायचा नाही. आणि हा बंद पडलेला कान तर जन्मात चालला नव्हता इतका चालत होता! गिऱ्हाईक आलं की दादा आत बसून टोमणे मारायचा. "याने क्लच नाही, क्लचची चटणी केलीय." "ह्याच्या गाडीला काही झालेलं नाही, ह्याला बायकोपासून दोन तास लांब बसायचंय, चहा दे." पक्कड फिसफिस हसायचा आणि गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघायची. भाऊ गेल्यावर पोराच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणायची. होऊ दे. परिणाम इतका गोड असेल तर कोणाला नको?

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली होती. पहिल्या दिवशी आवाज खड्ड्यातून आल्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारातून. तिसऱ्या दिवशी बाकावर शेजारी बसल्यासारखा.

त्या तिसऱ्या दिवशी त्याने विचारायचं ते विचारलं. 

"दादा, तू हाका मारल्यास... मला ऐकू आलं नाही रे. काय म्हणालास तू?"

"पहिल्यांदा म्हणालो, सोळा-सतराचा पाना दे."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाही तेच. तू बहिरट आहेस, एकदा सांगून भागतं का? पुढे म्हणायला वेळ नव्हता. झोप लागल्यासारखं झालं. दुखलंबिखलं काही नाही... आणि तो नट अजून तसाच ढिला आहे. गिअरबॉक्सच्या माउंटिंगचा, मागून दुसरा. टँकर बोलव."

पक्कडने टँकरवाल्याला फोन केला, टँकर आणवला, खड्ड्यात उतरला. दादा गेल्यापासून तो त्या खड्ड्याकडे बघतही नव्हता. मागून दुसरा नट बोटाने फिरला. सोळा-सतराच्या पान्याने त्याने तो आवळला, आणि नटाबरोबर त्याच्या छातीतलंही काहीतरी जागच्या जागी बसलं. वर आला तेव्हा टँकरवाल्याला त्याने मिठीच मारली. टँकरवाला ग्रीसने भरला आणि बावचळला.

पाचव्या दिवशी वहिनीने त्याला पकडलं. ती डाव्या बाजूने तीनदा म्हणाली होती, दूध उतू जातंय. दूध उतू गेलं. हा पठ्ठ्या शेगडीपुढे उभा राहून एकटाच हसत होता.

"भावजी, तुम्हाला या कानाने ऐकू येत नाही."

"येतं की."

तिने तोंडापुढे हात धरला आणि डावीकडून हळूच काहीतरी म्हटलं.

"काय म्हणाले मी?"

दादा आत म्हणाला, "ती म्हणाली, खोटारडा." पण पक्कडला ते बोलून दाखवायचा धीर झाला नाही.

"चपला घाला," वहिनी म्हणाली. "माझ्या घरातला एक माणूस दुखणं न सांगता गेला. दुसरा जाऊ देणार नाही मी."

"चल की," दादा म्हणाला. "मलाही बघू दे माझी खोली आतून कशी दिसते ती."

कानाच्या दवाखान्यात बाकावर बसायला लागलं. समोर भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं, आत गोगलगायीसारखं काहीतरी. पक्कडच्या मनात काही राहत नाही. तिथे बसल्या बसल्या त्याने वहिनीला सगळं सांगून टाकलं. हात, टोमणे, नट, सगळं.

वहिनी चित्राकडे बघतच हळूच म्हणाली, "खरं असेल तर... त्यांना विचारा, मी विणलेला त्यांचा स्वेटर बसमध्ये कोणी चोरला?"

पक्कडने कान दिला. त्याचा चेहरा पडला. "वहिनी, तो म्हणतो कोणी नाही चोरला. गिअरबॉक्स पुसायला चिंधी सापडत नव्हती म्हणून... जुन्या टायरांच्या ढिगात, खालून तिसऱ्या टायरमध्ये कोंबलाय. तो म्हणतो, एक बाही लांब आणि एक आखूड होती, तरी दोन हिवाळे घातला होता."

वहिनीच्या तोंडातून आधी एक हुंदका बाहेर पडला आणि त्याच्यामागून हसू. "तरीच म्हटलं! बसमधला चोरसुद्धा तो स्वेटर घेणार नाही, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं!" ती पदराने तोंड दाबून हसत होती आणि डोळे वाहत होते. नर्स येऊन म्हणाली, इथे आवाज करू नका, कानाचे पेशंट आहेत. त्यावर तिघं हसले. म्हणजे दोघं बाकावर, आणि एक आत.

मग तपासणीला बोलावलं. मशीनवाली ताई तरुण आणि मोठी चटपटीत होती. तिने पक्कडला एका खोलीतल्या खोलीत नेलं. आतली खोली कपाटाएवढी, दार वीतभर जाड, भिंतींना करड्या स्पंजचे उंचवटे. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. "टुंई आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी. आधी उजवा कान, मग डावा." समोर छोटी काच होती, पलीकडे ती आणि तिचं मशीन.

दार बंद झालं.

पक्कडने इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. तो गॅरेजमध्ये वाढलेला माणूस. झोपेतही त्याच्या कानात कुठेतरी गाडी घरघरत असायची. इथे काही नव्हतं. जुन्या स्पंजचा कोंदट वास होता, आणि हळूहळू त्या वासाखालून दुसरा वास वर आला. ग्रीसचा. ताज्या ग्रीसचा.

उजवा कान नीट झाला. टुंई आलं की दाब, टुंई आलं की दाब. मग ताईने काचेपलीकडून डाव्या कानाची खूण केली.

आणि त्या शांततेत पक्कडला पहिल्यांदा कळलं की दादा किती जवळ आलाय. इतके दिवस गाड्यांच्या गोंगाटात ते जाणवलंच नव्हतं. डाव्या कानात श्वास ऐकू येत होता. आत... बाहेर... आत... बाहेर... संथ, उबदार. आपलाच असेल म्हणून पक्कडने नाक दाबून धरलं.

आत... बाहेर... आत...

अंगावर काटा आला. "दादा..." तो ओठ न हलवता म्हणाला.

"दाब आता," दादा कुजबुजला.

बोट आपोआप दाबलं गेलं. तीस वर्षांची सवय! खिडकीबाहेरून दादाने सांगायचं आणि आतून पक्कडने लिहायचं.

"दाब... दाब... थांब, ती नुसती नाक खाजवतेय... आता हा बारीक आहे हं, डासाच्या पिल्लाएवढा... दाब."

पक्कडला एकही टुंई ऐकू आलं नाही. भीती कुठल्या कुठे गेली, कारण दादा रंगात आला होता. "बघ, आता ती आपल्याला फसवायला रिकामीच बसलीय... बस, तूही बस... दाब!" पक्कड गालातल्या गालात हसत होता आणि काचेपलीकडे ताईच्या भुवया वर वर चालल्या होत्या.

डॉक्टर बाई वयस्कर होत्या, पांढरे केस, जाड चष्मा. त्यांनी कागद पाहिला आणि तो उलटा तर नाही ना धरला, म्हणून पुन्हा पाहिला.

"डावा कान उजव्यापेक्षा चांगला आहे. असा कान मी लहान बाळांतही पाहिला नाही. कशाला आलात तुम्ही?"

सुटलो, पक्कडच्या मनात आलं. आता घरी जायचं, कोणी औषध देणार नाही, कोणी काही काढून घेणार नाही. तो उठलासुद्धा.

"बाई, त्यांना काही ऐकू येत नाही!" वहिनी म्हणाली. "घरात दूध उतू गेलं!"

डॉक्टरांना दुधाचं म्हणणं पटलं असावं. त्यांनी खणातून दोन दातांचा एक लोखंडी काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा पक्कडच्या कपाळावर मधोमध टेकवला. काटा गुणगुणत होता. पक्कडला एकदम घरच्यासारखं वाटलं. अहो, हे तर आमचंच हत्यार! हाडाला टेकवायचं आणि ऐकायचं.

"आवाज कुठल्या बाजूला येतोय?"

इंजिनाच्या बाबतीत पक्कड कधी खोटं बोलला नव्हता. "उजवीकडे. नुसता उजवीकडे."

डॉक्टर बाई एकदम गंभीर झाल्या. त्यांनी ताईला पुन्हा बोलावलं. या वेळी बटण नव्हतं. कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवल्या. "मला धक्का मारून चालू करताय का?" पक्कडने विचारलं. कोणी हसलं नाही. मशीनवर उजव्या कानाच्या लाटा उठल्या. डाव्याची रेघ सपाट राहिली.

"हा कान काहीच ऐकत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "अचानक जातो असा कधीकधी. पहिले दोन आठवडे फार मोलाचे असतात. आज औषध सुरू केलं तर परत येण्याची आशा आहे. उशीर केला तर मग कायमचा." त्यांनी चष्मा काढला. "मला फक्त एक सांगा. बटण कसं दाबलंत?"

आतून दादा म्हणाला, "सांग खरं. चूक झाली रे माझी. सवयीने झालं." या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

पक्कडने सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत. कान गेला की मेंदू रिकामी जागा भरून काढतो म्हणाल्या, कोणाला शिट्ट्या ऐकू येतात, कोणाला गाणी, कोणाला गेलेली माणसं. त्यात वेडबिड काही नाही.

"पण बाई," मशीनवाली ताई दारातून हळूच म्हणाली, "मी आवाज केव्हा सोडला, ते मेंदूला कसं कळलं?"

डॉक्टर पक्कडच्या कानामागची जागा कापसाने पुसत होत्या. कापूस काळा झाला. "कामावरून थेट आलात वाटतं? हे ग्रीसचं बोट उमटलंय बघा, अंगठ्याएवढं."

पक्कड त्या दिवशी गॅरेजला गेलाच नव्हता. आणि सकाळी वहिनीने त्याला मान घासून अंघोळ करायला लावली होती.

गोळ्यांची पुडी घेऊन दोघं पाण्याच्या नळाशी आले. एका दिवसाच्या गोळ्या मूठभर. पक्कडने तळहातावर काढल्या आणि तसाच उभा राहिला. कान की दादा, प्रश्न एवढाच होता. आणि त्याच्या पोटातली ती जुनी आग पुन्हा वर आली. एकदा ऐकलं नाही, तेव्हा तो मेला. आता ऐकू येतोय, तर आपल्या हाताने औषध घालून बंद करायचा?

"भावजी," वहिनी खाली बघत म्हणाली, "दोन आठवडे आहेत म्हणाल्या ना? दोन दिवस... दोनच दिवस थांबलो तर?"

ती हे म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत अजून त्या स्वेटरचं हसू होतं.

"दादा, काय करू?"

"गिळ," दादा म्हणाला. आवाज आता शेजारून येत नव्हता. तो हाडातून येत होता, दातांत वाजत होता. "हात काढ म्हणायला दर वेळी मी पोचेन असं नाही. एका कानाने गॅरेज चालत नाही. तुझा हात गेला तर हिच्याकडे कोण बघेल?"

"मग तू कुठे जाशील?"

दादा नुसती शिट्टी वाजवत राहिला.

"दादा... कुठे आहेस तू?"

शिट्टी.

पक्कडने आयुष्यात विचार करून काही केलं नव्हतं. त्याने मूठ तोंडात रिकामी केली आणि नळाला तोंड लावलं.

पुढचे दिवस कसे गेले म्हणाल, तर पाहुणा निघायच्या तयारीत असतो तसे. घाई नाही, पण पिशवी दारात. गोळ्या रोज, आणि एक दिवसाआड डॉक्टर कानाच्या पडद्यातून आत सुई द्यायच्या. पहिल्या सुईला दादा ओरडला, "अरे पूर आला, पूर आला!" आणि पक्कड खुर्चीत इतका हसला की डॉक्टरांनी दटावलं. रात्रीचं जेवण झालं की तो आणि वहिनी ओट्याशी बसायचे. वहिनी विचारायची, दादा सांगायचा, पक्कड पोचवायचा. भांडणंसुद्धा झाली दोघांची. मधल्यामध्ये पक्कडला दोन्हीकडून शिव्या. इतकं सुख त्या घरात कित्येक दिवसांत नव्हतं.

मग आवाज शेजारी गेला. मग दारात. नवव्या दिवशी पुन्हा खड्ड्यात. त्या संध्याकाळी पक्कडला नळ गळताना ऐकू आला, डाव्या कानाने, एकेक थेंब. आणि थेंबांच्या मागून, फार लांबून, "सोड रे आता... पुरे."

"सोडलं," पक्कड म्हणाला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. हात आपोआप उघडला.

शेवटच्या तपासणीला तो स्पंजच्या खोलीत एकटाच बसला. या वेळी कोणी सांगणारं नव्हतं. टुंई आलं, त्याने दाबलं. एक-दोन चुकलीही असतील. ती त्याची स्वतःची चूक होती, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. ताईने दार उघडलं तेव्हा ती हसत होती. "पूर्ण नाही आला, पण चांगला आला. काम करायला पुष्कळ आहे." डॉक्टरांनी तोच काटा कपाळावर टेकवला. गुणगुण मधोमध आली, बरोबर मधोमध, चांगल्या ट्यून केलेल्या इंजिनासारखी. पक्कडने डॉक्टरांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तिथून तो गॅरेजला गेला, ग्रायंडर चालू केला, दोन्ही कानांनी त्याचं केकाटणं ऐकलं आणि बंद केला. चहावाल्याला म्हणाला, "दोन हाका पाना मागायला होत्या, बरं का!" चहावाल्याला काही कळलं नाही, पण त्याने चहा फुकट दिला.

भर दुपारी तो उड्या मारत घरी आला, हातात केकचा खोका. दार उघडंच होतं. वहिनी टेबलापाशी बसून एक शर्ट शिवत होती. ऊन तिच्या हातांवर पडलं होतं. चेहरा असा फुलला होता की पक्कडला तिचं लग्न आठवलं.

"वहिनी! कान आला!"

तिने वर पाहिलं नाही. ती मान किंचित उजवीकडे कलवून, सुई हवेत धरून, हसत होती.

तो टेबलाला वळसा घालून डावीकडे आला. "वहिनी?"

"अगबाई, आलात? कधी आलात?"

पक्कडने खोका खाली ठेवला. "वहिनी... तुझा उजवा कान."

तिने लहान मुलीसारखी जीभ चावली. "परवापासून. सकाळी केस विंचरताना टप् झालं."

"परवापासून! अगं, आणि सांगितलं नाहीस? दोन आठवडे असतात फक्त, डॉक्टर काय म्हणाल्या ते तू ऐकलंयस ना? ऊठ. चपला घाल."

"नको ना, भावजी." ती हसत होती, पण शर्ट तिने छातीशी घट्ट धरला होता. "तुम्ही पोचवायचात तेव्हा निम्मं तुमचंच असायचं. आता मला थेट ऐकू येतं. असू द्या ना थोडे दिवस. सकाळपासून दोघांनी हसवून हसवून माझी पुरेवाट केलीय."

"दादा आहे?" पक्कडचा आवाज चिरकला. आनंद होता की काय होतं, त्याचं त्यालाच कळेना. मग वाक्याचा दुसरा तुकडा त्याच्यापर्यंत पोचला. "दोघांनी म्हणजे? दुसरं कोण आहे?"

"इश्श, असं काय विचारता? ते आणि तुम्ही."

खोलीत नळ गळत होता. एक थेंब... दुसरा...

"मी तर इथे आहे, वहिनी," तो म्हणाला.

"ते दिसतंय मला."

"मग... तिकडे मी काय बोलतोय?"

वहिनीने ओठांवर बोट ठेवलं, मान कलती केली, ऐकलं. तिच्या गालावर खळी पडली. मग ती पुढे वाकली आणि त्याच्या नुकत्या बऱ्या झालेल्या कानाशी कुजबुजली,

"म्हणताय... 'मी इकडे दादाजवळ आलोय ते बाहेरच्या पक्कडला सांगू नकोस.'"